गृहकर्ज आणि मोजणी : फाइल नेमकी कुठे अडते?

स्वतंत्र घर, रो-हाऊस, बंगला किंवा प्लॉट घेऊन बांधकाम, अशा कर्जात उत्पन्नाचे कागद चोख असूनही फाइल क्षेत्रफळावर आणि हद्दीवर अडकते. महाराष्ट्रात ज्यांच्या हाताखालून हे कागद रोज जातात त्यांनी अनुभव लिहावेत. कुठल्या बँकेने किती छळलं ते नको. काय अडतं, का अडतं आणि कशाने सुटतं, तेवढं पुरे.

मूल्यमापक

एकाच प्लॉटची तीन क्षेत्रफळं निघतात : खरेदीखतातलं, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावरचं आणि जागेवर टेप लावून आलेलं. बँकेला देतो त्या मूल्यांकन अहवालात साधारणपणे सर्वांत कमी असेल ते धरलं जातं. समजा खरेदीखतात २ गुंठे आहेत, म्हणजे २१७८ चौ. फूट (२०२.३४ चौ. मी.). मालमत्ता पत्रकावर १९६ चौ. मी. आणि कुंपणाच्या आत १८८. मग हिशेब १८८ वर होतो, म्हणजे सुमारे २०२४ चौ. फुटांवर. दीडशे फूट तिथेच गेले.

जागा जास्त भरली तर खूश होऊ नका. जादा भाग शेजाऱ्याचा, रस्त्याचा किंवा नाल्याचा असू शकतो. त्याची किंमत शून्य धरतात आणि वर शेरा मारतात. तो शेरा कमी क्षेत्रापेक्षा महागात पडतो.

पैशात काय होतं ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार मालमत्तेच्या किमतीच्या तुलनेत ३० लाखांपर्यंतचं कर्ज जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांचं ८० टक्के आणि त्यापुढचं ७५ टक्के मिळू शकतं. व्यवहार ६० लाखांचा ठरला आणि मूल्यांकन ५४ लाख आलं, तर ४८ लाखांऐवजी कमाल ४३.२ लाख. वरचे ४.८ लाख घरातून उभे करायचे, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी.

निवृत्त भूकरमापक

वरच्या फरकाचं मूळ बहुतेक वेळा जुन्या मोजणीत असतं. शंकू-साखळी म्हणजे लोखंडी साखळीने जमीन मोजायची जुनी पद्धत. तिची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे म्हणजे १६ भाग. एक चौरस साखळी म्हणजे बरोबर एक गुंठा. शेतासाठी ही पद्धत पुरेशी होती. त्याच गटाचे पुढे घरांसाठी तुकडे पडले, बांध सरकले, आणि नकाशा तिथेच राहिला.

बँक ‘क-प्रत’ मागते, म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशाची प्रत. ती हद्द कायम मोजणीनंतर, म्हणजे अभिलेखाप्रमाणे जागेवर हद्द दाखवून दिल्यावर, मिळते. अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे, ई-मोजणी या ऑनलाइन प्रणालीतून. सोबत ताजा सातबारा आणि चारही बाजूंच्या खातेदारांची नावं-पत्ते. पत्ता चुकला की नोटीस परत येते, शेजारी हरकत घेतो आणि मोजणी पुन्हा लागते. त्यामुळे पत्ते स्वतः फिरून खात्री करून द्या. मोजणीच्या दिवशी झाडोरा काढलेला हवा आणि जुने हद्दीचे दगड उघडे हवेत.

नकाशावर अभिलेखाची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवतात. बँकेचा माणूस आधी त्या दोन रेषांमधलं अंतर बघतो. निकाल मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठाकडून फेरमोजणी, मागता येते, त्यावर आणखी वरची सुपर निमताना. खासगी सर्व्हेअरचा टोटल स्टेशन (इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र) वापरून काढलेला नकाशा आर्किटेक्टला उत्तम, पण हद्दीचा पुरावा म्हणून बँक सहसा तो घेत नाही.

सर्च रिपोर्टवाला

मालकीचे जुने कागद तपासून बँकेला अहवाल देणं हे माझं काम. त्यात माझ्या मते सर्वांत अवघड शब्द ‘पैकी’. ‘गट नं. अमुक पैकी ३ आर’ (१ आर म्हणजे १०० चौ. मी.) असं खरेदीखत असतं, सातबारावर पाच-सहा नावं एकत्र, आणि ते ३ आर कुठल्या कोपऱ्यात आहेत ते कुठल्याच सरकारी नकाशावर नाही. कर्ज थकलं तर ताबा कशाचा घ्यायचा, हा बँकेचा साधा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे.

उपाय म्हणजे सर्व सहधारकांच्या संमतीने पोटहिस्सा मोजणी (प्रत्येकाचा तुकडा वेगळा मोजणं), मग आकारफोड (क्षेत्र आणि सारा त्या तुकड्यांत वाटणं) आणि वेगळा सातबारा. एक भाऊ सही देत नसेल तर सगळं थांबतं. एनए (बिगरशेती) लेआउट असेल तर कमी-जास्त पत्रक (कजाप), म्हणजे नवे प्लॉट आणि त्यांची क्षेत्रं अभिलेखात चढवणारा कागद, झालंय का ते विचारा. लेआउट मंजूर, रस्ते पडलेले, पण कजाप नसेल तर प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघत नाही. गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेली, जागा असेल तर २००१ च्या कायद्याखालचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र लागतं. ते ‘होईल नंतर’ म्हणणाऱ्याचा प्लॉट सोडून द्या.

खरेदीखतात चतुःसीमा उलटसुलट पडली असेल (पूर्वेचा रस्ता पश्चिमेला, हे फार दिसतं) तर नोंदणीकृत चूक दुरुस्ती दस्त. त्यावर मूळ विक्रेत्याची सही लागते, तो हयात नसेल तर वारसांची. सातबारावरची लेखनाची चूक तहसीलदारांकडे, महसूल संहितेच्या कलम १५५ खाली.

गावठाणकर

गावठाणात सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन सनद आणि मालमत्ता पत्रक मिळतं. ड्रोन उडण्याआधी चुन्याने हद्द आखतात. ती आखताना हजर राहा, कारण अंगण किंवा पडवी सुटली तर पुढे बँकेसाठी ती नाहीच.

आर्किटेक्ट

बांधकाम कर्जात जोत्याआधी हद्द पक्की करा. सामासिक अंतरात (हद्द आणि इमारत यांत मोकळी सोडायची जागा) जोतं घुसलं तर जोता तपासणीचा दाखला अडतो आणि बँकेकडून मिळायचा कर्जाचा पुढचा हप्ताही. तयार घरात मंजूर नकाशाबाहेरची खोली किंवा जिना मूल्यांकनातून वगळतात. जमीन विकास आराखड्यात कुठल्या वापरासाठी आहे ते सांगणारा झोन दाखला आणि त्या आराखड्याचा भाग नकाशाही पाहा. डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्यात तीन मीटर जाणार असतील तर ते क्षेत्र आजच वजा होतं.

सर्च रिपोर्टवाला

एक राहिलं. मोजणीचा अर्ज खातेदारच करू शकतो, म्हणजे विक्रेता. घेणाऱ्याचं नाव अजून अभिलेखात नसतं. बँकेच्या मंजुरीपत्राला मुदत असते आणि मोजणीची तारीख आपल्या हातात नसते. म्हणून इसार पावतीतच लिहून घ्या : मोजणीचा अर्ज विक्रेता अमुक तारखेपर्यंत करेल, क-प्रतीवर क्षेत्र कमी आलं तर किंमत ठरलेल्या चौरस फुटाच्या दराने कमी होईल, आणि अतिक्रमण निघालं तर इसार पूर्ण परत. विक्रेता यातल्या दुसऱ्या अटीवर घासाघीस करतो. पहिलीलाच नकार देत असेल, तर क-प्रत त्याने आधीच काढून पाहिलेली असण्याची शक्यता धरा.