चांद्रकक्षेतलं गेटवे स्थानक: गरज की टोलनाका?

डेल्टा_नाना (धागाकर्ता)

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात 'गेटवे' रद्द करायचं सुचवलं गेलं. जुलैत तिथल्या काँग्रेसने त्याच गेटवेला २.६ अब्ज डॉलर देऊन टाकले. त्यानिमित्ताने हा धागा.

ज्यांनी फारसं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गेटवे म्हणजे चंद्राभोवती फिरणारं छोटं स्थानक. नासा, युरोप, जपान, कॅनडा आणि अमिराती असे पाच भागीदार. पहिले दोन भाग म्हणजे वीज आणि इंजिनं असलेला 'पीपीई' आणि राहण्याचा 'हेलो'. दोन्ही जमिनीवरच जोडून एका फाल्कन हेवी रॉकेटवर चढवायचे आणि विद्युत थ्रस्टरवर रखडत वर्षभराने चंद्रापाशी न्यायचे, असा २०२५ मधला बेत. एवढ्याचाच खर्च ५.३ अब्ज डॉलर, मुदत डिसेंबर २०२७.

माझं मत: बांधू नये. कारण जागा. ही कक्षा एका टोकाला चंद्राच्या उत्तर ध्रुवावर सुमारे १,५०० किमीवर येते आणि दुसऱ्या टोकाला दक्षिण ध्रुवापासून ७०,००० किमी लांब जाते. एक फेरी साडेसहा दिवसांची. तिथून पृष्ठभागावर उतरायला साधारण २.७ किमी/सेकंद वेगबदल लागतो. शंभर किमीच्या वर्तुळाकार कक्षेतून १.९ मध्ये भागतं. जाऊन-येऊन ५.४ विरुद्ध ३.८.

आकडा छोटा वाटतो, पण रॉकेटचं समीकरण घातांकी आहे. रिकामं वजन १० टन असलेला मिथेनवर चालणारा लँडर घ्या, विशिष्ट आवेग (इंजिन इंधन किती काटकसरीने वापरतं त्याचं माप) ३७० सेकंद. खालच्या कक्षेतून जाऊन यायला सुमारे साडेअठरा टन इंधन, गेटवेहून सव्वाचौतीस टन. म्हणजे प्रत्येक खेपेला जवळपास १६ टन जादा, आणि ते सगळं पृथ्वीवरून न्यायचं. मंगळमोहिमांचा पुरस्कर्ता अभियंता रॉबर्ट झुब्रिन याला चांद्रकक्षेतला टोलनाका म्हणतो ते उगाच नाही.

---

मासकॉन

नाना, गणित बरोबर आहे पण अर्धंच मांडलंत. लँडरचा खर्च धरलात, स्थानकाचा सोडलात.

चंद्राच्या काळ्या मैदानांखाली दाट वस्तुमानाचे गोळे आहेत, त्यामुळे तिथलं गुरुत्वाकर्षण खडबडीत आहे. अपोलो १६ ने एप्रिल १९७२ मध्ये शंभरेक किमीवर एक छोटा उपग्रह सोडला होता. तो ३५ दिवसांत चंद्रावर आदळला. नासाच्या एलआरओ या चांद्रउपग्रहाला ५० किमीवर टिकवायला दर महिन्याला कक्षा सावरावी लागायची, वर्षाला शंभर मीटर/सेकंदाच्या वर खर्च. म्हणून डिसेंबर २०११ मध्ये त्याला लंबवर्तुळाकार कक्षेत हलवलं. गेटवेच्या कक्षेत हाच खर्च वर्षाला दहा मीटर/सेकंदापेक्षा कमी येतो. पंधरा वर्षं टिकवायचं म्हटलं की फरक कळतो.

शिवाय उष्णता. शंभर किमीवर दोन तासांची फेरी, त्यात बहुतेक वेळा पाऊण तास अंधार. उजेडाच्या बाजूला खाली १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली जमीन. तुमचा रेडिएटर उष्णता बाहेर टाकायच्या ऐवजी चंद्राची उष्णताच शोषत बसतो. गेटवेच्या कक्षेत पृथ्वीची सावली चुकवता येते आणि पृथ्वीशी संपर्क अखंड राहतो.

---

पाचवी_खिडकी

मासकॉन, अपोलो १६ च्या उपग्रहाचं उदाहरण नेहमी देतात, पण त्याच्या कक्षेचा कल नेमका वाईट होता. चंद्राभोवती 'गोठलेल्या', म्हणजे फारसं न सावरता टिकणाऱ्या, कक्षाही आहेत: २७, ५०, ७६ आणि ८६ अंश कलाच्या आसपास. ८६ अंश म्हणजे जवळपास ध्रुवावरूनच, आणि तळ तर दक्षिण ध्रुवापाशीच करायचा आहे. तेव्हा कक्षा टिकत नाही हा मुद्दा बाद. उष्णतेचा मुद्दा मात्र खरा, तो मान्य.

---

सावळागोंधळ

तुम्ही सगळे कक्षेची निवड अशी चर्चिताय जणू कोणी कोऱ्या कागदावर विचार करून ती निवडली. ती ओरायननं, म्हणजे नासाच्या माणसं नेणाऱ्या यानानं, निवडली!

अपोलोच्या सेवा-विभागाकडे (यानाचा इंजिन-इंधनाचा भाग) जवळपास २.८ किमी/सेकंदाचं बळ होतं. ओरायनकडे जेमतेम सव्वा. शंभर किमीच्या कक्षेत शिरायला ०.९ आणि निघायला ०.९ म्हणजे १.८. जमणारच नाही. गेटवेच्या कक्षेत चंद्राजवळून झोका घेत शिरलं तर येऊन-जाऊन ०.९ च्या आसपास. तेवढं ओरायनला झेपतं. बाकीचा भार लँडरच्या डोक्यावर.

आता चीनकडे बघा. त्यांचं लाँग मार्च १० रॉकेट चंद्राकडे २७ टन फेकेल, ओरायनला नेणाऱ्या एसएलएस रॉकेटची पहिली आवृत्तीही तेवढंच फेकते. तरी त्यांचा बेत स्थानकाविना आहे: दोन प्रक्षेपणं, माणसं नेणारं मेंगझोऊ आणि लँडर लानयुए चंद्राच्या खालच्या कक्षेत भेटणार. लानयुएचं उतरण्याचं बरंचसं काम एक वेगळा टप्पा करतो आणि शेवटी सुटून चंद्रावर आदळतो. मुदत २०३० च्या आत. आपलं यान कमजोर म्हणून स्थानक, आणि स्थानक आहे म्हणून लँडर अगडबंब, असा प्रकार तिथे नाही.

---

मासकॉन

ओरायनचं दुखणं खरं आहे, पण ते आता बांधून झालंय. त्याला नवा सेवा-विभाग द्यायचा तर वजन वाढणार, मग रॉकेट बदला.

आणि खालच्या ध्रुवीय कक्षेतून चंद्रावर केव्हाही उतरता येतं, पृथ्वीकडे केव्हाही निघता येत नाही. कक्षेचं प्रतल अवकाशात स्थिर, चंद्र मात्र पृथ्वीभोवती फिरतोय. प्रतल नीट जुळतं दर दोन आठवड्यांनी. मधे निघायचं तर प्रतल वळवायला इंधन जाळा. गेटवेच्या कक्षेतून परतीची संधी फार वेळा मिळते.

---

डेल्टा_नाना

संधी पृथ्वीकडे जायची मिळते हो, पण आधी गेटवेपर्यंत पोचायला हवं ना? पृष्ठभागावर दुसऱ्या दिवशी कोणाचा सूट फाटला तर यान वर ७०,००० किमीवर गेलेलं असतं. नासाच्या आर्टेमिस ३ या मोहिमेचा चंद्रावरचा मुक्काम साधारण साडेसहा दिवसांचा आखला तो याच फेरीमुळे. मधेच निघालात तर एकतर इंधन जास्त, नाहीतर लँडरमध्ये बसून दिवस मोजा.

---

ध्रुवपद

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. कक्षा चांगली आहे की नाही हा एक प्रश्न. तिथे माणसांचं स्थानक हवं का, हा दुसरा. कक्षा पारखायला स्थानक लागलं नाही. २८ जून २०२२ ला न्यूझीलंडहून निघालेला २५ किलोचा कॅपस्टोन उपग्रह १३ नोव्हेंबरला तिथे पोचला. वाटेत थ्रस्टरची झडप नीट बंद न झाल्याने गरगरत होता, तरी सावरला. आर्टेमिस ३ च्या आराखड्यातही ओरायन स्पेसएक्सच्या स्टारशिप लँडरला याच कक्षेत थेट जोडायचं होतं, मधे गेटवे नाही. मग गेटवे करतं काय?

संदेशवहन? मार्च २०२४ मध्ये सुटलेला चीनचा १.२ टनांचा चुएचियाओ-२ उपग्रह ते करतोय, त्याला ना शौचालय लागतं ना ऑक्सिजन. किरणोत्सर्गाचं मोजमाप? उपकरणं कुठल्याही उपग्रहावर बसतात. माणसं तर वर्षातून महिनाभर असणार, चौघं. उरलेले अकरा महिने रिकाम्या खोल्यांची हवा खेळती ठेवायची.

किरणोत्सर्गाचाच विषय निघालाय तर: चीनच्या चांग'ई-४ यानाने चंद्रावर दिवसाला सुमारे १.३७ मिलीसिव्हर्ट मोजलं, आयएसएसच्या (पृथ्वीभोवतीच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या) अडीचपटीहून थोडं जास्त. आणि ते चंद्रानं खालची अर्धी बाजू झाकलेली असताना. कक्षेत ती अर्धी ढालही नाही. तळावर निदान माती तरी अंगावर ओढता येते.

---

मासकॉन

ध्रुवपद, ते अकरा रिकामे महिनेच तर कामाचे आहेत. मंगळाकडे जाणाऱ्या यानाची जीवनरक्षक यंत्रणा महिनोन्‌महिने बंद ठेवून पुन्हा सुरू करता येते का, पंप अडकतात का, पाण्याच्या नळ्यांत शेवाळासारखा थर धरतो का, हे आयएसएसवर कळत नाही, कारण तिथे कायम कोणीतरी पाना घेऊन उभं असतं आणि सुटा भाग पाठवायला मालवाहू यानं ये-जा करत असतात. चंद्रापाशी ती चैन नाही. गेटवेच्या यांत्रिक हाताला, कॅनडार्म-३ ला, म्हणूनच माणसाविना दुरुस्ती शिकवताहेत.

---

नळीवाला

शिकवणं ठीक, पण बाकीचं धूड सांभाळायचं कसं ते कोणी बोलतच नाहीये.

पीपीईवर तीन मोठे हॉल थ्रस्टर, म्हणजे विद्युत इंजिनं. प्रत्येक १२ किलोवॉट खातो आणि ढकलतो किती? साधारण ०.६ न्यूटन. पृथ्वीवर ६० ग्रॅमचा भार. कक्षा सावरायला हे पुरतं: जोडलेलं धूड १५० टनांचं धरा, वर्षाला दहा मीटर/सेकंद हवेत, तर तिन्ही मिळून साडेनऊ-दहा दिवसांत काम होतं. तक्रार नाही.

गडबड आहे ती तोंड वळवण्यात. स्थानकाची दिशा रिअॅक्शन व्हील, म्हणजे आत फिरणारी चाकं, धरतात. बाजूला जड यान जोडलं की वस्तुमानकेंद्र सरकतं, सूर्यप्रकाशाचा सूक्ष्म दाब एका बाजूला जास्त पडतो, चाकं फिरून फिरून कमाल वेगाला पोचतात आणि मग रासायनिक थ्रस्टर फुंकून त्यांचा संवेग उतरवावा लागतो. ते इंधन मोजकंच. अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा २०२४ चा अहवाल वाचा: पीपीईचं नियंत्रण ज्या वजनाचं यान धरून आखलं, त्याच्या सुमारे १८ पट स्टारशिप लँडर जड आहे. एप्रिल २०२१ ला स्टारशिप निवडलं तेव्हा पीपीईचं कंत्राट होऊन जवळपास दोन वर्षं झाली होती. पाहुणा ठरायच्या आधीच घराचा दरवाजा बसवून झाला होता.

आणि दोन्ही भाग एकाच फाल्कन हेवीवर चढवायचं ठरलं तेव्हापासून वजनाची रड वेगळीच.

---

पाचवी_खिडकी

आपल्याकडचंही लिहितो. भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत, सुमारे ५२ टन, पृथ्वीपासून चारशे-साडेचारशे किमीवर. चंद्रापाशी स्थानक नाही. चांद्रयान-४ चे पाच भाग दोन एलव्हीएम-३ वर जाणार, नमुने घेऊन वर आलेला भाग चांद्रकक्षेत परतीच्या यानाला जोडला जाणार. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेने १६ जानेवारी २०२५ ला डॉकिंग करून दाखवलं ते याच वाटेवरचं. काही दिवसांच्या भेटीला खालची कक्षा पुरते, गोठलेली असो वा नसो. नानांना हेच म्हणायचं असावं.

---

डेल्टा_नाना

अगदी. आणि बनलेला पीपीई वाया घालवा असंही माझं म्हणणं नाही. साठ किलोवॉटचं यान आहे, हेलो काढून टाका आणि मालवाहू टग म्हणून चालवा. हळू जाईल, पण खोकी काही उतावीळ नसतात.

---

नळीवाला

टग म्हणजे पुन्हा पुन्हा झेनॉन (त्या विद्युत थ्रस्टरचं इंधन) लागणार. त्याची टाकी अवकाशात भरणारा भाग युरोप बनवतंय, 'लुनार व्ह्यू'. तो गेटवेलाच जोडायचा आहे. गेटवे रद्द केलंत तर टाकी भरणार कुठून?