मदत हवी आहे: पीएचपीत दोन अ‍ॅरेंची लांबी जुळत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपडताळणी सुरू आहे. त्यासाठी पीएचपी ८ (वेबपानं बनवायची प्रोग्रामिंग भाषा) मध्ये पान केलंय. कपाट निवडलं की त्यातल्या पुस्तकांची यादी येते. प्रत्येक ओळीत चार फील्ड: दाखल[] (पुस्तकाचा दाखल क्रमांक; हिडन, म्हणजे पानावर न दिसणारं), स्थिती[] (ड्रॉपडाउन), शेरा[] आणि सापडले[] (चेकबॉक्स). सबमिट झाल्यावर दाखल आणि सापडले हे अ‍ॅरे (म्हणजे मूल्यांच्या याद्या) 'अ‍ॅरे_कंबाइन'ला, म्हणजे दोन याद्यांच्या क्रमाने जोड्या लावणाऱ्या फंक्शनला, देऊन जोड्या डेटाबेसात लिहिते.

सगळ्या ओळींवर टिक असेल तर चालतं. एक जरी टिक नसली की व्हॅल्यूएरर येते: दोन्ही अ‍ॅरेंमधल्या घटकांची संख्या सारखी हवी.

दुसरा प्रकार जास्त काळजीचा आहे. ३१० पुस्तकांच्या कपाटात सगळ्यांवर टिक होती. एरर आली नाही, पण नोंदी २५०च झाल्या. गहाळ पुस्तकांची यादी यावरूनच समितीपुढे जाणार आहे, म्हणून ती चुकून चालणार नाही. कारण कुणी सांगेल का?

प्रतिसाद १
अ‍ॅरे_पॅड वापरा. लहान अ‍ॅरेला शेवटी शून्यं जोडली की लांबी सारखी होईल, एरर जाईल.

प्रतिसाद २
कृपया हे करू नका. एरर जाईल आणि खोटी नोंद राहील. समजा पाच पुस्तकं आहेत आणि तिसरं सापडलं नाही. टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, त्यामुळे सापडले[] मध्ये चारच घटक येतात. शेवटी शून्य जोडलं की पाचवं पुस्तक गहाळ ठरतं आणि तिसरं कपाटात असल्याचं दिसतं. पीएचपी ७ पर्यंत अ‍ॅरे_कंबाइन अशा वेळी नुसती वॉर्निंग देऊन फॉल्स परत करायचं. ८ पासून ते थेट थांबतं, हे बरंच झालं.

क्रमावर विसंबूच नका. कंसात दाखल क्रमांक घाला: स्थिती[४५१२], सापडले[४५१२]. मग कपाटाची यादी डेटाबेसातून घेऊन तिच्यावर लूप चालवा आणि प्रत्येक क्रमांकाला 'इससेट'ने (मूल्य आलंय का हे पाहणारी सोय) टिक तपासा. अ‍ॅरे_कंबाइनची गरजच उरत नाही.

आता २५० चं कोडं. २५० ओळी गुणिले चार फील्ड म्हणजे बरोबर १०००. पीएचपीत एका वेळी किती फील्डं स्वीकारायची याची मॅक्स_इनपुट_वार्स नावाची मर्यादा आहे, मूळ किंमत १०००. हॅश टक्करींचा (साठवणीत एकाच जागी पडतील अशी मुद्दाम निवडलेल्या फील्डनावांचा) वापर करून सर्व्हर ठप्प करण्याचे हल्ले रोखायला ती ५.३.९ मध्ये आणली. त्यापुढची फील्डं गाळली जातात आणि वॉर्निंग बहुधा फक्त लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदफाइलीत) जाते. चारही अ‍ॅरे एकाच जागी तुटले, म्हणून लांबी जुळली आणि एरर आली नाही.

धागाकर्ती
लॉगमध्ये खरंच ती वॉर्निंग सापडली! मनापासून आभार. पण स्क्रिप्टमध्ये आयएनआय_सेटने (सेटिंग बदलणाऱ्या फंक्शनने) ती मर्यादा ३००० केली तरी फरक नाही.

प्रतिसाद २
नाही पडणार. तुमची स्क्रिप्ट सुरू होण्याआधीच फील्डं वाचून झालेली असतात. ती किंमत पीएचपी.आयएनआय या सेटिंग्जच्या फाइलमध्ये बदला. शेअर्ड होस्टिंग फास्टसीजीआयवर (सर्व्हरने पीएचपी चालवायची एक पद्धत) असेल तर पानाच्या फोल्डरमध्ये तेच सेटिंग असलेली .युझर.आयएनआय फाइल ठेवा. ती फाइल मुळात ३०० सेकंद कॅशमध्ये राहते, तेव्हा पाच मिनिटं थांबून मग तपासा.

एक धोका मात्र नीट लक्षात घ्या. नव्या पद्धतीत टिक नाही म्हणजे 'गहाळ'. उद्या मर्यादा पुन्हा ओलांडली, तर न पोहोचलेल्या ओळीही गहाळ ठरतील. ड्रॉपडाउन मात्र प्रत्येक ओळीतून येतोच. म्हणून स्थिती[क्रमांक] नसेल तर ती ओळ पोहोचलीच नाही असं समजा, काहीही सेव्ह न करता थांबा आणि पानावर तसं सांगा. मी स्वतः पानावर १०० च ओळी दाखवल्या असत्या. मोजणाऱ्यांनाही ते सोपं जातं.

धागाकर्ती
स्थितीची तपासणी आधी घालते आणि ३१० चं कपाट पुन्हा भरते. आधी सेव्ह झालेली कपाटं कशी तपासू? प्रत्येक कपाटाच्या नोंदी मूळ यादीशी मोजून पाहिल्या तर पुरेल का?

प्रतिसाद २
पुरेल. जिथे नोंदी कमी भरतील, तेवढीच कपाटं पुन्हा उघडा.