आखाड्यावरचा (शेतातल्या वस्तीवरचा) कुत्रा: तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची: काल कडब्याची गंज हलवली तर खाली ढाण्याचा पट्टा सापडला. चामडं कडक झालेलं, आतून अजून त्याचे केस चिकटलेले. आई कारवान, म्हणजे आपल्याकडची शिकारी जात, बाप अल्सेशियन. पाय आईचे लांब, छाती बापाची. परभणीजवळच्या आमच्या आखाड्यावर 9 वर्षं राखण केली त्यानं. लोक म्हणायचे, दिवसभर साखळीला ठेवा, रात्री चवताळून धावतो. दादांनी ऐकलं नाही. पहाटे बांधाबांधानं फिरवायचे, मगच चिंचेखाली बांधायचे. अनोळखी दिसला की दणाणून भुंकायचा, पण दादा "आपलेच हायत रे" म्हणाले की खाली बसायचा. लेकरांवर कधी गुरगुरला नाही. तरी तो जेवत असताना जवळ कुणाला जाऊ देत नव्हतो. तुमच्याकडं होता का असा कुणी?

मांजरापट्टा: जेवताना नाही म्हणजे नाहीच, ताई. पुतण्यानं ताटलीतली भाकर उचलली अन् दंडाला दात लागले. आजीनं जखमेत मिरची भरायला काढली, चुलत्यानं हात धरला. साबण लावून वाहत्या पाण्यात 15 मिनिटं धुतलं, तसंच दवाखान्यात. कुत्र्याला लस दिलेली होती तरी लेकराची सगळी इंजेक्शनं पूर्ण केली.

रानवाट: गोचिडाचं कुणीच लिहिलं नाही! कानात अन् बोटांच्या बेचक्यात बघत जा. आमची राणी 2 दिवस भाकरीला शिवली नाही, हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टर म्हणाले गोचीड ताप. वाचली. गोठ्यात झोपणाऱ्या कुत्र्याचं अंग रोज चाचपा. अन् बैलाचं औषध अंदाजानं चोपडू नका, चाटतात ते.

काळीमाती: हिरड्या पांढऱ्या... आमचा वाघ्या तसाच गेला. आम्हाला वाटलं उन्हानं मलूल झालाय.

रानवाट: भाऊ, लई वाईट वाटलं. आम्हालाही आधी ऊनच वाटलं होतं.

बालाघाट: ताई, ती चिंच हाय का अजून? आमची रस्त्यात गेली.

गोदाकाठची: हाय की. यंदा लई लागल्यात, घेऊन जा.

बालाघाट: येतोच. उन्हावरून आठवलं, मे महिन्यात पत्र्याखाली बांधू नका कुणी. रांजण अर्धा जमिनीत पुरा, पाणी गार राहतं. धापा थांबेनात तर पोटाला, पायाला पाणी लावा अन् डॉक्टरला फोन करा. दाट केसांचा असला तरी भादरू नका, कातडी भाजते.

नांदेडची सून: कारवान मिक्स पिल्लू मिळेल का कुठं? सासरे एकटेच असतात आखाड्यावर.

मांजरापट्टा: शेजाऱ्याच्या कुत्रीला 5 झालीत, महिन्याची हायत. 2 महिन्यांची होईस्तोवर आईपासून तोडू नका. मामांना आधी एकदोनदा येऊन बसू द्या त्यांच्यात, जे आपणहून जवळ येईल तेच न्या.

नांदेडची सून: बरं दादा, रविवारी घेऊन येते त्यांना.