आंदोलन फक्त कार्यकर्त्यांनीच करायचं?

नोकरी-संसार असलेल्याने आंदोलनात पडू नये, ते पूर्णवेळ कार्यकर्त्यांवर सोडावं, असं इथल्या चर्चेत एकांनी लिहिलंय. मला हे मुळीच पटत नाही. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावली गावात आयआयटीसाठी जागा ठरली, तेव्हा रस्त्यावर कोण उतरलं? काजूवर पोट असलेली साधी कुटुंबं, त्यात बायका पुढे. जानेवारी २०२१ मध्ये सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यातल्याच चांदर गावात रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध लोक रात्री रुळांवर उतरले. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मार्गावरच्या, मोलेच्या जंगलातल्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली.

किंमत मोजावी लागते, हे खरंच. मेळावलीत गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले होते. म्हणून रोजंदारीवाल्याला ‘तू पुढे हो’ म्हणणं मला जड जातं.

पण प्रत्येकाने रुळांवरच बसायला हवं असं कुठे आहे? ग्रामसभेला जा, बहुधा रविवारीच असते. नुसतं बोलून खाली बसू नका. हरकत कागदावर लिहा, दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर पंचायतीचा आवक शिक्का आणि तारीख घ्या. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं जाईल तेव्हा आपलं म्हणणं त्यात आलंय का ते कान देऊन ऐका. नसेल तर तिथेच उभं राहून नोंदवायला लावा. आमच्या गावात डोंगरकापणीच्या वेळी ‘कुणी हरकतच घेतली नव्हती’ असं सांगितलं गेलं, ते अशाच एका शिक्क्याच्या प्रतीपुढे टिकलं नाही. एकट्याने बोलायला संकोच वाटत असेल तर शेजारच्या दोघांना सोबत न्या.