हानालेई (काउआई, हवाई): तीन दिवस, कुठे खावं आणि काय बघावं?

सागरगोटा:
मेच्या मध्यात काउआई बेटावर हानालेईत तीन रात्री मुक्काम आहे. चौघं जण आहोत: आम्ही दोघं न्यू जर्सीहून, आईबाबा पुण्याहून. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबा मासे आवडीने खातात, पण गुडघ्यांमुळे चढ-उतार नको. लिहुए विमानतळावरून गाडी भाड्याने घेणार आहोत. हाएनाच्या परवान्याचं नेमकं काय करायचं? आईला तिथलं स्थानिक असं काय खाता येईल? आणि समुद्रात कुठे उतरावं, कुठे नाही?

वाटाड्या_घाटमाथा:
आधी परवाना, बाकी सगळं नंतर. रस्ता जिथे संपतो तिथे हाएना स्टेट पार्क आहे. केए बीच आणि कलालाऊची पायवाट दोन्ही त्याच्या आत येतात. दिवसाला ९०० पर्यटकांचीच मर्यादा आहे आणि हवाईबाहेरच्यांना आगाऊ आरक्षण लागतं. ते बरोबर ३० दिवस आधी, हवाईच्या मध्यरात्री खुलतं. म्हणजे मे महिन्यात न्यू जर्सीत सकाळचे ६ आणि पुण्यात दुपारचे साडेतीन. पार्किंगच्या जागा आधी संपतात, म्हणून घड्याळ लावूनच बसा.

आरक्षणाचे तीन प्रकार आहेत: पार्किंगसह प्रवेश, शटल बससह प्रवेश आणि नुसता प्रवेश. लोक चुकतात ते तिसऱ्यात. नुसता प्रवेश चालत, सायकलने येणाऱ्यांसाठी किंवा ज्यांना कोणी दारात सोडून जाणार आहे त्यांच्यासाठी असतो. तो घेऊन गाडीने गेलात तर गाडी लावायला जागा नाही, आणि रस्त्याच्या कडेला लावली तर दंड होतो. पार्किंग वेळेच्या टप्प्यांत मिळतं. दिवसभर थांबायचं असेल तर लागोपाठचे टप्पे घ्या, नाहीतर शटल घ्या. शटल हानालेईच्या पुढे वाइपाहून सुटते, गाडी तिथेच ठेवता येते.

नावातही घोळ होतो. हाएना *स्टेट पार्क* आणि त्याच्या थोडं अलीकडचं हाएना *बीच पार्क* या दोन वेगळ्या जागा. बीच पार्कला आरक्षण लागत नाही, जीवरक्षक असतात आणि रस्त्यापलीकडे मानिनिहोलोची कोरडी गुहा आहे. स्टेट पार्कचं जमलं नाही तर इथे या.

बाबांसाठी: पार्किंगपासून केए बीचपर्यंत साधारण अर्धा किमी सपाट वाट आहे, अळूच्या खाचरांमधून जाणारी. तेवढी नक्की करा. कलालाऊच्या वाटेवर मात्र नेऊ नका. हानाकापिआईचा किनारा एका बाजूने ३.२ किमी आहे आणि वाट पहिल्या पावलापासून दगडांची, चढाची नि चिखलाची. तुम्ही दोघं गेलात तर किनाऱ्याआधीचा ओढा पाऊस सुरू होताच ओलांडायचं थांबवा. वर डोंगरात कोसळलेलं पाणी काही मिनिटांत खाली येतं. पायाला जखम असेल तर ओढ्यात उतरूच नका, इथल्या गोड्या पाण्यातून लेप्टो होतो. आणि हानाकापिआईच्या समुद्रात पोहू नका. जीवरक्षक नाहीत, ओढ जबरदस्त आहे, तिथे लोक बुडाले आहेत.

अळूचं_फदफदं:
खाण्याबद्दल लिहितो. हानालेई म्हणजे अळूचं गाव. हवाईतल्या अळूचा मोठा हिस्सा याच खोऱ्यातून येतो. हानालेईच्या आधी लागणाऱ्या प्रिन्सव्हिलहून उतरण्याआधी खोरं दिसेल अशी थांबायची जागा आहे. खाली भाताच्या खाचरांसारखी पाणथळ शेतं दिसतात, ती सगळी अळूची. तिथे त्याला 'कालो' म्हणतात आणि शेताला 'लोई'. बरीच शेतं १९७२ साली झालेल्या पक्षी अभयारण्यात आहेत, त्यामुळे बांधावर उतरायची परवानगी नाही. वरूनच बघा.

आईंसाठी पहिला पदार्थ पोई. उकडलेला कंद पाणी घालत कुटून केलेली जांभळट-करडी पेज. ताजी असताना जवळपास बेचव गोडसर, दोन-तीन दिवसांनी आंबून आंबट. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी ताजीच घ्यावी. नुसती खाऊन लोक नाक मुरडतात, कारण ती मुळात खारट कालवणाबरोबर खायची आहे. आईंनी लोणच्याची फोड घेऊन खाल्ली तर लगेच जमेल. वाइपाला दर गुरुवारी गावकरी मिळून पोई करतात.

दुसरा कुलोलो. किसलेला कंद, नारळाचं दूध आणि गूळसर साखर, इतकंच. कित्येक तास वाफवल्यावर घट्ट, चिकट, तपकिरी वडी होते. अंडं नाही, जिलेटिन नाही. मला विचाराल तर काउआईवर सगळ्यात जपून घरी न्यावी अशी हीच वस्तू. हाऊपिया ही नारळाच्या दुधाची वडी कॉर्नस्टार्चने घट्ट करतात, तीही चालेल. काही ठिकाणी जिलेटिन घालतात, तेवढं विचारून घ्या.

आता फसवे पदार्थ. *लाऊलाऊ* अळूच्या पानात बांधलेलं दिसतं, पण आत डुकराचं मांस आणि बहुधा खारवलेला मासा असतो. 'लुआऊ' म्हणजे अळूची पानं, पण भांड्यात सोबत कोंबडी किंवा माकुल असतं. *साइमिन*च्या शेवया निरुपद्रवी दिसतात, पण रस्सा सुक्या कोळंबीचा किंवा माशाचा असतो. प्लेट लंचमधल्या मॅकरोनी सॅलडमध्ये अंड्याचं मेयॉनेज. अळूचे तळलेले काप खाण्याआधी त्याच तेलात मासे तळतात का, ते विचारा.

बाबांसाठी पोके: कच्च्या टूनाचे तुकडे, समुद्री शेवाळ, मीठ आणि भाजून कुटलेल्या कुकुई बिया. वजनावर मिळतो. प्रिन्सव्हिलच्या फूडलँडमध्ये काउंटरवर चव घेऊन निवडता येतो. त्याच दिवशी संपवा आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. कच्चा नको असेल तर भाजलेला 'ओनो' किंवा 'माहिमाही' मागा. बसून जेवायचं असेल तर १९६३ पासूनचं 'ताहिती नुई' आहे, संध्याकाळी गाणं-बजावणं असतं. जागा आधी राखा, गावात रात्री जेवणं लवकर आटोपतात.

शनिवारी सकाळी गावात शेतकरी बाजार भरतो. लिलिकोई (पॅशन फ्रूट), छोटी आंबटगोड 'ॲपल' केळी आणि 'उलू' घ्या. उलू म्हणजे आपला नीरफणस. मुक्कामी स्वयंपाकघर असेल तर कोकणात करतात तसे काप करा, आईंच्या एका जेवणाचा प्रश्न सुटला. सुट्टे डॉलर जवळ ठेवा.

गोळा खायचा तर 'विशिंग वेल'च्या गाडीवर. ठेचलेला बर्फ नसतो, लादीवरून पातळ किसतात, म्हणून सरबत खाली न गळता बर्फातच मुरतं.

सागरगोटा:
अळूची पानं बाजारातून आणून आईने फदफदं केलं तर? तिथली पानं खाजतात का?

अळूचं_फदफदं:
खाजतात, कच्ची तर नक्कीच. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे घसा खवखवतो. आपण चिंच, आमसूल घालतो. तिथे सगळा भर वेळ शिजवण्यावर, लाऊलाऊ तीन-चार तास वाफवतात. 'लुआऊ'साठीची पानं मागा, देठ-शिरा काढा, निदान तासभर उकळा, पहिलं पाणी फेकून द्या. चिंच न्यू जर्सीहूनच बरोबर न्या.

भरतीओहोटी:
समुद्राचं मी सांगते. हानालेईचा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे. नोव्हेंबर ते मार्च लाटा प्रचंड असतात, मेपासून बहुतेक शांत. तरी उशिरा एखादी उधाणाची लाट येते, म्हणून रोज सकाळी जीवरक्षकाला विचारायचं आणि मगच उतरायचं. आईबाबांना धक्क्याजवळचा ब्लॅक पॉट किनारा सगळ्यात सोपा: उथळ, वाळूचा, गाडी जवळ लावता येते. धक्का मूळ १८९२ चा, इथला तांदूळ बोटीत चढवायला लागायचा तो. लुमाहाईचा किनारा वरून फार सुंदर दिसतो, पण जीवरक्षक नाहीत आणि खाली खेचणारा प्रवाह आहे. फोटो काढा, पाण्यात पाय घालू नका. कासवापासून किमान ३ मीटर लांब राहा. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं आणा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्यांची विक्री हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

रस्त्याचा एक नियम. गावात शिरताना १९१२ चा एकेरी पूल लागतो, पुढे केएपर्यंत असे आणखी आहेत. एका बाजूच्या पाच ते सात गाड्या गेल्या की थांबून समोरच्यांना वाट द्यायची. समोर कोणी नसताना मध्येच थांबू नका, मागच्यांचा खोळंबा होतो.

जोराच्या पावसात नदी चढली की हा पूल बंद होतो आणि हानालेई उरलेल्या बेटापासून तुटतं. १४-१५ एप्रिल २०१८ ला वाइपात २४ तासांत १२६२ मिमी पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी होता, त्यावरून कल्पना करा. त्यानंतर पलीकडचा रस्ता पर्यटकांना थेट जून २०१९ मध्ये खुला झाला. म्हणून परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र लिहुएकडे घ्या. विमानतळ ५० किमीवर आहे, कोरड्या दिवशी तासभर लागतो.

सागरगोटा:
शटलसह प्रवेशाचा गजर लावला. शेवटची रात्र लिहुएला हलवली. बाबांना विशिंग वेलचा पत्ता पाठवलाय, आईला चिंचेचा निरोप.