डोक्याला मार लागलेल्या पेशंटला वाटेत ऑक्सिजन: सरसकट की मोजून?

रिंगरोडकर: आउटर रिंग रोडवर अपघात झाला की मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला) पोचेपर्यंत पेशंटचं सगळं ॲम्ब्युलन्सच्या हातात. माझं मत: डोक्याला जबर मार आणि पेशंट बेशुद्ध किंवा बरळतोय, तर ऑक्सिमीटर 95 दाखवो की 98, मास्क लावा आणि फुल्ल सोडा. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा 2017 चा अभ्यास पाहा. वाटेत ना ऑक्सिजन 90 च्या खाली गेला, ना बीपी पडला, त्यांच्यात मृत्यू 5.6 टक्के. नुसता ऑक्सिजन पडला तर 28.1, दोन्ही पडलं तर 43.9. मोजत काय बसायचं?

रात्रपाळी: भाऊ, हे आकडे कमी पडण्याचे आहेत, जास्त दिल्याने फायदा होतो याचे नाहीत. शिवाय ज्याचा ऑक्सिजन पडतो त्याला मारही मोठा असतो, ते कुठं धरलं? आयसीयूत बेसुमार ऑक्सिजन चढलेल्यांचे निकाल काही अभ्यासांत वाईटच दिसलेत. 94 ते 98 ठेवा, बस.

रिंगरोडकर: डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे एबीजी आहे, म्हणजे धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजायची तपासणी. गाडीत ऑक्सिमीटर 100 वर पोचला की रक्तात ऑक्सिजनचा दाब 120 आहे की 400, कोण सांगणार? त्यात बीपी पडलेला, हात गार, बोटावर चिखल आणि रक्त. आकडाच येत नाही कित्येकदा. अर्ध्या तासाच्या जास्तीला भ्यायचं की पाच मिनिटांच्या कमीला?

एकशेआठवाला: तुम्ही दोघंही मास्कवरच अडकून राहिले न! जीभ मागं पडली, तोंडात रक्त, घरघर चालू, तर मास्क काय करन? आधी मान न हलवता जबडा पुढं घ्या, सक्शन मारा. आन् ॲम्बू, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी! घाबरलेला माणूस दाबतच सुटते. कार्बन डायऑक्साइड उतरते, मेंदूच्या नसा आकसतात, रक्तच कमी पोचते. मोठ्या माणसाले सहा सेकंदाले एक श्वास, बस. ॲरिझोनावाल्यांनी ॲम्ब्युलन्सवाल्यांना ट्रेनिंग दिलं, त्यात तरी नुसता ऑक्सिजन कुठं शिकवला? बीपी सांभाळणं आन् ॲम्बू हळू दाबणं, हे बी सोबतच होतं.

रात्रपाळी: हेच म्हणतोय. त्या ट्रेनिंगच्या 2019 च्या निकालात सगळे पेशंट मिळून फरक दिसला नाही, गंभीर गटात मात्र जगण्याचं प्रमाण चांगलंच वाढलं. त्यातला ऑक्सिजनचा वाटा किती, ते वेगळं काढता येत नाही.

रिंगरोडकर: ॲम्बूचं शंभर टक्के मान्य. पण तो गंभीर गट म्हणजेच माझा पेशंट न, साहेब? सिलिंडर भरलेला असताना नॉब काऊन कमी करू? मेडिकलच्या दारात एबीजी काढा आणि मग खुशाल उतरवा.