आंबा आणि मासळीसाठी पिकअप घ्यायची आहे, इंजिन कुठलं बघू?

पावसची_कलमं

नमस्कार मंडळी, मी पावसजवळचा, घरची हापूसची कलमं आहेत आणि सीझन सोडून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळीचं भाडं मारायचा विचार आहे. आत्तापर्यंत गाडी भाड्याने लावत होतो पण एप्रिल-मे मध्ये वेळेवर गाडी मिळत नाही आणि मिळाली तर भाडं डबल, म्हणून आता स्वतःचीच घेऊया म्हटलं. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची इन्ट्रा व्ही ५० आणि अशोक लेलँडची दोस्त या तीन बघून आलो, टाटाची योद्धा पण कोणीतरी सुचवली. शोरूमवाला सीएनजी घ्या म्हणतो, गावातले म्हणतात डिझेलशिवाय घाट नाही. आंबा वाशीला जातो, मासळी जास्त करून कोल्हापूरला. महिन्याला अंदाजे ३००० किमी धरा. मला मेन टेन्शन एव्हरेजचं आहे कारण हप्ता पण भरायचाय. चालवणाऱ्यांनीच सांगा प्लीज.

आंबा_घाट_रोजचा

दादा एव्हरेजचा हिशोब आधी कागदावर मांडून बघा. एक गाडी १२ देते आणि दुसरी १४ देते असं धरलं, तर ३००० किमीला एकीला २५० लिटर लागेल आणि दुसरीला २१४. डिझेल ९० रुपये धरलं तरी फरक महिन्याला ३२०० च्या आसपास. कमी नाही, मान्य. पण भर सीझनमध्ये गाडी एक दिवस उभी राहिली आणि माल दुसऱ्याच्या गाडीत भरावा लागला की हे पैसे एका फटक्यात गेले, आणि पिकलेला आंबा थांबत नाही.

खरा प्रश्न रूटचा आहे. वाशी लाईन आता पूर्वीसारखी राहिली नाही, कशेडीला बोगदा झाला, परशुराम घाट रुंद झाला, त्यामुळे तिकडे लहान इंजिन आरामात जातं. पण कोल्हापूर म्हणजे साखरप्याच्या पुढे आंबा घाट, आणि तिथे फुल लोडला वळणावर समोरून एसटी आली की गाडी थांबते आणि परत उचलायची असते, तेव्हा कळतं इंजिन काय आहे ते. बोलेरो पिकअपचं २५२३ सीसी चार सिलिंडर इंजिन खालच्या आरपीएमलाच ओढतं, सेकंडला टाकून क्लच न जाळता निघते. योद्धाचं २.२ लिटर अजून ताकदीचं. इन्ट्रा व्ही ५० चा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, कागदावर २२० न्यूटन-मीटर आहे, १४९६ सीसीला ते चांगलंच म्हणायचं, आणि मोकळ्या रस्त्याला तिचं एव्हरेज छान. पण छोट्या इंजिनाला घाटात कायम टर्बोच्या जिवावर चढावं लागतं, रोज कोल्हापूर असेल तर मी तरी मोठंच घेईन.

आणि वजनाचं विसरू नका. आंब्याची भरलेली लाकडी पेटी २० किलो धरली तर १०० पेट्या म्हणजे सरळ २ टन, यातल्या बऱ्याच गाड्यांचं पासिंग, म्हणजे कायद्याने भरता येणारं वजन, दीड टनाच्या आसपास आहे. मासळीत तर बर्फाचंही वजन मोजा, उन्हाळ्यात मासळीच्या बरोबरीने बर्फ घालावा लागतो. मग पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, टायर खातात आणि सगळे इंजिनाला शिव्या देतात.

चिपळूणचा_मिस्त्री

वरच्यांचं बरोबर आहे, पण एक गोष्ट सगळे विसरतात. एप्रिल २०२० पासून बीएस ६ हा प्रदूषणाचा नवा नियम आला, आता डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला गरम व्हायला लागतो. बागेतून घरी, घरातून बाजारात अशी चार-पाच किमीची गाडी कोणी पळवली की काजळी जळतच नाही, दिवा लागतो, मग गाडी दम सोडते आणि लोक म्हणतात इंजिन खराब. आमच्याकडे अशा गाड्या येतात, इंजिन ठणठणीत असतं. तुमची वाशी-कोल्हापूर लाईन आहे म्हणजे डीपीएफला त्रास कमी, फक्त दिवा लागला की गाडी बंद करू नका, सलग २० मिनिटं एकाच स्पीडने मोकळ्या रस्त्याला पळवा. ऑइल लो-अ‍ॅश (जळल्यावर कमी राख सोडणाऱ्या) ग्रेडचंच टाका, दुकानदार देईल ते नको. आणि ऑइलची लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर त्यात डिझेल उतरतंय असं समजा आणि लगेच दाखवा.

सीएनजीचं म्हणाल तर मोकळ्या रस्त्याला खर्च खूप कमी, यात वाद नाही. पण पेट्रोलवर बनलेल्या इंजिनाला गॅसवर ताकद थोडी कमीच मिळते आणि चढाला ते जाणवतं. टाकीची तीन वर्षांनी टेस्ट करावी लागते ते वेगळं. रात्री मासळी भरून निघालात आणि पंपावर रांग किंवा गॅस संपलेला, तर बर्फ वितळायला लागतो.

पावसची_कलमं

वाह, इतकं कोणी शोरूममध्ये सांगितलं नव्हतं. म्हणजे कोल्हापूर लाईन ठेवली तर बोलेरो किंवा योद्धा, बरोबर? आणि जुनी बीएस ४ सेकंडहँड घेतली तर? डीपीएफची झंझटच नाही, किंमत पण अर्धी.

देवगडवालो

तुका सांगतंय, आधी गाडयेचो मेस्त्री बघ, मगे इंजिन बघ. गावाजवळ स्कॅनर असलेलो मेस्त्री नसात तर बीएस ६ घेवन उपयोग काय.

आता जरा सविस्तर सांगतो. जुनी बीएस ४ चालेल, पण मासळी मारलेली गाडी असेल तर हात लावू नका. आमच्याकडे मी गाडीखाली वाकून बघितलंय, हौद्याच्या भोकांतून बर्फाचं खारं पाणी चॅसीवर गळतं आणि पाट्याच्या शॅकलजवळ (पाटा चॅसीला जोडतो तिथे) गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात, स्क्रूड्रायव्हरने खरवडलं की लोखंड हातात येतं. वर पेंट नवा मारलेला असतो. घेताना टॉर्च घेऊन चॅसी, ब्रेकच्या लाइन आणि वायरिंगचे कनेक्टर बघा, हिरवे पडलेले कनेक्टर म्हणजे पुढचे सहा महिने इलेक्ट्रिशियनच्या दारात.

नवीन घेतलीत तरी हेच. हौद्याखाली पाईप काढून पाणी टायरच्या मागे सोडा, प्रत्येक मासळीच्या फेरीनंतर खालून गोड्या पाण्याने धुवा, पहिल्याच आठवड्यात अंडरकोटिंग मारून घ्या. खाऱ्या वाऱ्याने गाडी इंजिनाच्या आधी जाते, हे कोकणात सगळ्यांना माहीत आहे तरी कोणी करत नाही.

शिवाय जून-जुलैला मासेमारी बंद असते, आंबाही संपलेला असतो. गाडी पावसात उभी राहते, बॅटरी उतरते, ब्रेक जाम होतात, उंदीर वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा तरी हायवेवर निवळीपर्यंत फिरवून आणा, डीपीएफलाही बरं.

चिपळूणचा_मिस्त्री

सेकंडहँडला आणखी एक, ट्रान्सपोर्ट गाडीचं फिटनेस ८ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी, म्हणजे जुन्या गाडीला तो खर्च आणि तो दिवस मोजा. आणि चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या अजून फिरतायत, सीटबेल्ट पूर्ण ओढून आत चिखलाची रेष आहे का ते बघा.

आंबा_घाट_रोजचा

दादा, शोरूमवाल्याला सांगा टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची नको. हौद्यात एक टन भरून आंबा घाट एकदा चढवा, वरून येताना ब्रेकही कळतील. नाही म्हणाला तर दुसऱ्या डीलरकडे जा.